किलोमीटर १०४ला उतरायचं, आणि मग?

गेल्या अंकात मी पेरूमधल्या माचू पिचू या इंका लोकांच्या जुन्या शहराकडे जाणाऱ्या दोन दिवसांच्या छोट्या इंका वाटेबद्दल लिहिलं होतं. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवताना अँडीज पर्वत फळ्यावर खडूने काढला, आणि २०२४च्या सप्टेंबरात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्याच्यावर पाय ठेवला. लेखानंतर भरपूर पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. काही प्रश्न एकसारखे होते, ते एकत्र केले. ज्यांनी फक्त ‘एकूण खर्च किती?’ असं विचारलं, त्यांनी किती दिवस, कोणत्या महिन्यात आणि कुठून निघणार हे कळवावं. त्याशिवाय उत्तर देणं म्हणजे हवेत बाण मारणं.

प्रश्न : मॅडम, मी ६२ वर्षांची आहे. डाव्या गुडघ्याची थोडी झीज आहे, पण रोज तासभर चालते. मुलगा आणि सून चालत जाणार आहेत. मुलगा म्हणतो, ‘आई, तू ट्रेनने वर ये, आपण तिथेच भेटू.’ मला चालायचंय. हा वेडेपणा आहे का?
— एक हट्टी आई, नाशिक

उत्तर : पहिल्यांदा मुलाला सांगा, की ट्रेन वर जात नाही. ती खाली दरीत, आग्वास कालिएंतेस नावाच्या गावापर्यंत जाते. तिथून नागमोडी रस्त्याने बस वर जाते. म्हणजे माहिती त्याची कच्ची आहे आणि सल्ला तुम्हाला देतोय.

आता गुडघा. डॉक्टरांना दाखवा, पण ‘ट्रेकला जाऊ का?’ असं मोघम विचारू नका. ‘दहा-बारा किलोमीटर, सहा-सात तास, साधारण सहाशे मीटर चढ आणि बऱ्याच दगडी पायऱ्या’ असं सांगून विचारा. आतकरवाडीहून सिंहगड चढताना जेवढी उंची चढतो तेवढीच ही आहे, फक्त अंतर जास्त आणि शेवटी उतार.

बहुतेकांच्या डोक्यात एक उलटी समजूत असते. त्यांना वाटतं, विरळ हवेचा त्रास वाटेवर होणार. वाट मुळात कुस्को शहरापेक्षा खाली आहे! कुस्को समुद्रसपाटीपासून ३,४०० मीटरवर, आणि या छोट्या वाटेवरची सर्वांत उंच जागा, इंती पुंकू म्हणजे सूर्यद्वार, सुमारे २,७०० मीटरवर. डोकं दुखतं, झोप लागत नाही, जिना चढताना धाप लागते ते कुस्कोत. म्हणून विमानाने कुस्कोला उतरलात की तिथे राहू नका. गाडी करून थेट खाली पवित्र दरीत, ओयांतायतांबोला जा. ते २,८०० मीटरवर आहे. दोन रात्री तिथे काढा, मग चाला, आणि कुस्को परतताना पाहा. आमच्या गटातल्या एका धडधाकट तरुणाने याच्या उलट केलं. पहिली संध्याकाळ कुस्कोच्या चौकात हिंडण्यात घालवली आणि दुसरा दिवस अंथरुणात. मी दरीत बसून मक्याचं कणीस खात होते.

चालण्याचा दिवस असा जातो. पहाटेची ट्रेन ओयांतायतांबोहून निघते. कुस्कोपासून रूळ मोजत आलं की १०४व्या किलोमीटरला ती थांबते. स्टेशन म्हणावं असं तिथे काही नाही. रुळांशेजारी पाटी, आणि ‘उतरा, उतरा’ची घाई. ट्रेन निघून गेल्यावर उरुबांबा नदीचा आवाज एकदम मोठा होतो. झुलत्या पुलावरून नदी ओलांडली की चौकी. तिथून थोडं चाललं की चाचाबांबा हे पहिलं अवशेषांचं ठिकाण. मधोमध एक प्रचंड नैसर्गिक शिळा, तिच्याभोवती बांधकाम आणि दगडी स्नानकुंडं, मोजून चौदा. बहुतेक गट इथे दहा मिनिटांत फोटो काढून सटकतात, कारण पुढे मोठं काहीतरी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही थांबा. गुडघ्याचं निमित्त करा.

पुढचे तीन तास हा खरा चढ. अंगावर ऊन आणि सावलीला फारसं काही नाही. मी इथेच सर्वांत जास्त दमले, आणि चूक माझीच. पाठीवर सात किलो ओझं होतं. त्यात छत्री, थर्मास, दोन जाड स्वेटर आणि शेंगदाण्याचे लाडू. लाडू सोडून सगळं निरर्थक होतं. आमचा वाटाड्या सगळ्यात पुढे न चालता माझ्या मागे चालायचा आणि दर वळणावर ‘देस्पासियो’ म्हणायचा, म्हणजे सावकाश. सुरुवातीला मला तो टोमणा वाटला. तासाभराने लक्षात आलं की पुढे धावलेली पोरं प्रत्येक आडोशाला हाशहुश करत बसलेली असतात आणि आपण त्याच चालीने त्यांच्याजवळून जातो.

तीन तासांनी वळण घेतलं आणि समोर विन्यय वायना. क्वेचुआ भाषेत याचा अर्थ ‘सदातरुण’, आणि त्या नावाचं एक ऑर्किडही तिथे उगवतं. डोंगराची आख्खी बाजू अर्धगोलात कापून केलेल्या शेतीच्या पायऱ्या, वर एक वस्ती, खाली एक वस्ती, आणि दोन्हींना जोडणारा लांबलचक दगडी जिना. जिन्याच्या कडेने एकाखाली एक पाण्याची कुंडं. पाणी अजून वाहतं. मी एका कुंडाजवळ बूट काढून बसले. (पाय बुडवले नाहीत, वाटाड्या बघत होता.) सांगून ठेवते, दुसऱ्या दिवशी माचू पिचू पाहिलं, ते भव्य आहे, पण माझ्या डोळ्यांसमोर आजही येतं ते विन्यय वायना. तिथे ना बस जाते, ना ट्रेन. मुलाचं ‘तू ट्रेनने ये’ ऐकलंत तर हे दिसणार नाही. हट्ट धरायचा तर यासाठी धरा.

तिथून इंती पुंकूपर्यंत वाट जंगलातून, बरीचशी सपाट. शेवटी मात्र पन्नासएक पायऱ्यांचा असा उभा तुकडा आहे की त्याला ‘गोऱ्यांचा कर्दनकाळ’ अशा अर्थाचं नाव पडलंय. मी तो चारी पायांवर चढले. लाज वाटून घेऊ नका, सगळेच तसे चढतात. वर सूर्यद्वाराचे दगडी खांब, आणि त्यांच्या चौकटीतून खाली माचू पिचू. तिथून शहरापर्यंत पाऊण-एक तास उतार. तुमचा गुडघा बोलेल तो इथे. दोन काठ्या घ्या, टोकाला रबर हवंच, नाहीतर आत नेऊ देत नाहीत. शहरातून खाली गावात जाताना मुलगा ‘चालतच उतरू’ म्हणाला तर त्याला उतरू द्या, तुम्ही बसमध्ये बसा. मुक्काम गावातल्या हॉटेलात असतो, तंबूत नाही. म्हणून ओझं कमी ठेवता येतं. मोठी बॅग ओयांतायतांबोलाच सोडा.

प्रश्न : कागदपत्रांचं काय काय लागतं? एजन्सीवाला म्हणतो, ‘सगळं आमच्यावर सोडा.’
— पुण्याहून एक सावध वाचक (आणि असाच प्रश्न विचारणारे आणखी सातजण)

उत्तर : सगळं कुणावरही सोडू नका. परवाना तुमच्या नावावर आणि पासपोर्टच्या क्रमांकावर निघतो, तो दुसऱ्याला देता येत नाही. चौकीवर दोन्ही ताडून पाहतात. आमच्या गटातल्या एका काकांनी बुकिंगनंतर पासपोर्टचं नूतनीकरण केलं होतं. नवा क्रमांक परवान्याशी जुळेना. ट्रेन तर निघून गेलेली. काकांचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात काकूंनी कमरेच्या पाकिटातून जुना, कोपरा कापलेला पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. ‘हे म्हणाले रद्दी कशाला न्यायची, मी म्हटलं असू दे.’ दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवून, बरंच निरखून, सोडलं. नूतनीकरण केलं असेल तर एजन्सीला लगेच कळवा, आणि तरीही दोन्ही सोबत ठेवा.

व्हिसा : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा किमान सहा महिने शिल्लक असलेला व्हिसा पासपोर्टवर असेल, तर भारतीयांना पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर काढावा लागतो. निघण्यापूर्वी वकिलातीकडून खात्री करून घ्या, असे नियम बदलायला वेळ लागत नाही.

आणि आता ज्याबद्दल कुणीच विचारलं नाही ते. पेरूहून भारतात परतताना पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. पेरूत शिरताना ते कुणी मागत नाही, म्हणून लोक विसरतात. ते नसेल तर आपल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठीच्या पुढे मात्र ही लस पहिल्यांदा घेताना धोका थोडा वाढतो, म्हणून नाशिकच्या हट्टी आईंनी गुडघ्याबरोबर हेही डॉक्टरांना विचारावं.

एजन्सीकडून एक गोष्ट लेखी घ्या : दुसऱ्या दिवशीचं माचू पिचूचं तिकीट कोणत्या सर्किटचं आहे? २०२४पासून तिथे तीन सर्किटं, म्हणजे आत फिरायचे ठरवून दिलेले मार्ग, आहेत आणि प्रत्येकात दिसणारा भाग वेगळा. एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत सोडत नाहीत, आणि आत स्वच्छतागृह नाही. ते फाटकाबाहेर आहे, आधी जाऊन या, आणि त्यासाठी सोलची (पेरूचं चलन) सुटी नाणी खिशात ठेवा.

प्रश्न : आम्ही सह्याद्रीत रात्री-अपरात्री, विनावाटाड्या फिरणारे. तिथे गाईडची सक्ती का? वाट तर एकच आहे म्हणता.
— ‘डोंगरभटके’, कल्याण

उत्तर : वाट चुकू नये म्हणून ही सक्ती नाही. १९९०च्या दशकात त्या वाटेवर कुणीही कुठेही तंबू ठोकायचं, अवशेषांतच चुली पेटवायचं आणि कचरा टाकून निघून जायचं. म्हणून नियम आले. परवानाधारक गाईड हवाच, आणि रोज किती माणसं सोडायची तेही ठरलं. चार दिवसांच्या मोठ्या वाटेवर रोज ५००, त्यातही निम्म्याहून अधिक हमाल, स्वयंपाकी आणि वाटाडे. आपल्या छोट्या वाटेवर सुमारे २५०. मोठी वाट फेब्रुवारीत पूर्ण बंद ठेवतात, दुरुस्तीसाठी. आपल्याकडे गडावर रविवारी किती माणसं चढतात ते आठवा आणि मग सक्तीवर रागवा.

शिवाय वाटाड्या नसता तर मला विन्यय वायनाच्या भिंतीत काय पाहायचं ते कळलंच नसतं. त्याने एका खिडकीपाशी नेऊन सांगितलं, ‘हात लावू नका, नुसतं बाजूने बघा.’ खिडकी वर अरुंद, खाली रुंद. दारंही तशीच, भिंतीही आत झुकलेल्या. भूकंपाच्या प्रदेशात पाचशेहून जास्त वर्षं उभं राहायचं तर असं झुकावं लागतं. मी भूकंपपट्टे किती वर्षं शिकवले! पण भिंतीचा कल पाहायचं मला कधी सुचलं नव्हतं.

प्रश्न : शाकाहारी माणसाचे हाल होतात का?
— कोल्हापूरहून एक गृहिणी

उत्तर : होत नाहीत, पण तिथली स्पॅनिश भाषा नीट वापरावी लागते. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढंच म्हणालात तर कोंबडीचं सूप येऊ शकतं, कारण तिथे कार्ने म्हटलं की बऱ्याच जणांच्या मनात लाल मांस असतं. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं तिन्ही म्हणा : मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत. किनोआचं सूप मागवलं तर रस्सा कशाचा आहे तेही विचारा. वाटेवर डब्याचं जेवण असतं, एजन्सीला आधी सांगितलं की वेगळं देतात. मला भात, उकडलेले बटाटे, चीज आणि केळं मिळालं. मक्याचं टपोरं कणीस आणि चीज हा रस्त्याकडेचा खाऊ उत्तम. हॉटेलच्या यादीत ‘कुय’ दिसलं तर तो गिनीपिग आहे, एवढं ध्यानात ठेवा.

गंमत अशी, की बटाटा मूळचा याच डोंगरांतला. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचा. ओयांतायतांबोच्या बाजारात एका बाईने मला किविचाची वडी दिली. तोंडात टाकली आणि थबकले. राजगिऱ्याची चिक्की! किविचा हा राजगिऱ्याचाच भाऊबंद. आपलं एकादशीचं ताट अर्धंअधिक तिकडून आलेलं आहे, हे माझ्या सासूबाईंना सांगायचं राहून गेलं.

प्रश्न : उंचीवर त्रास होऊ नये म्हणून कोकाचा चहा पितात म्हणे. आणताना घरच्यांसाठी थोडा आणला तर चालेल का?
— नाव देऊ नये ही विनंती

उत्तर : नाव देत नाही, पण अजिबात आणू नका. पेरूमध्ये कोकाची पानं कायदेशीर आहेत, हॉटेलात कोपऱ्यात टोपलीत ठेवलेली असतात, लोक शतकानुशतकं चघळत आलेत. आपल्याकडे मात्र तीच पानं अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. चहाच्या पुड्याही त्याच पानांच्या. तिथे मी दोन कप प्यायले. गवती, किंचित कडू, पोटाला बरं वाटलं. नोकरीत अमली पदार्थांची चाचणी होत असेल तर तिथेही टाळा, लघवीच्या तपासणीत सापडू शकतं. उंचीच्या त्रासावर खरा उपाय सावकाश चढणं आणि पाणी. अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर.

प्रश्न : चार दिवसांची वाट सोडून दोन दिवसांची करणं म्हणजे फसवणूक नाही का?
— मुंबईचा एक मॅरेथॉनपटू

उत्तर : कुणाची? मोठी वाट ८२व्या किलोमीटरपासून निघते आणि ४,२१५ मीटरची खिंड ओलांडते. ताकद आहे, सुट्टी आहे, जा. पण तुमच्या आणि माझ्या वाटा विन्यय वायनापाशी एकत्रच येतात, आणि तिथे उभं राहिल्यावर कोण कुठून आलंय हे फक्त वासावरून ओळखू येतं.

प्रश्न : पुस्तकात लिहिलंय की माचू पिचूचा शोध १९११ साली हायराम बिंगहॅम या अमेरिकन संशोधकाने लावला. तुम्ही लेखात ‘शोध’ शब्द टाळलात. का?
— एक शिक्षक, लातूर

उत्तर : लक्षपूर्वक वाचता, बरं वाटलं. २४ जुलै १९११ला बिंगहॅम वर पोहोचले ते मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याने वाट दाखवली म्हणून. वर शेतकरी कुटुंबं राहत होती, इंकांच्याच पायऱ्यांवर पीक घेत होती. अवशेषांतून फिरवायला तिथलाच एक लहान मुलगा बरोबर आला. आणि एका भिंतीवर आधीच कोळशाने लिहिलेलं होतं : लिसारागा, १९०२. ज्या घरात माणसं पाटीवर मका वाळवतायत त्या घराचा शोध कसा लावायचा? बिंगहॅमनी जगाला सांगितलं, छायाचित्रं काढली, उत्खनन केलं, हे श्रेय त्यांचंच. त्यांनी येल विद्यापीठात नेलेल्या वस्तू शंभर वर्षांनी पेरूला परत मिळाल्या. त्या आता कुस्कोत कासा कोंचा या जुन्या वाड्यात आहेत. परतीच्या दिवशी दोन तास काढून पाहाच.

प्रश्न : बाई, इंका लोकांना चाक माहीत नव्हतं तर एवढे मोठे दगड डोंगरावर नेले कसे?
— इयत्ता ५ वी ब, सातारा

उत्तर : फार चांगला प्रश्न, मोठ्यांपैकी कुणीच विचारला नाही. माचू पिचूचे बहुतेक दगड खालून वर नेलेच नाहीत. तो डोंगरच ग्रॅनाइटचा आहे. खाण शहराच्या आतच होती, आजही तिथे मोठमोठ्या शिळांचा ढीग पडलेला दिसतो. लोखंड नव्हतं, म्हणून जास्त कठीण दगडाने दगड ठोकून घडवायचे, मग दोर, ओंडके, उतरते भराव आणि खूप सारी माणसं. महत्त्वाच्या मंदिरांच्या भिंतींत तर दोन दगडांमध्ये चुना नाही की माती नाही, एकमेकांत असे बसवलेत की मधे सुरीचं पातं जात नाही.

आणि चाकाचं म्हणशील तर त्यांच्याकडे गाडा ओढायला बैल नव्हता, घोडा नव्हता. लामा हा उंटाच्या कुळातला प्राणी होता, पण तो पाठीवर थोडंसंच ओझं घेतो, आणि जास्त झालं तर खाली बसतो. (मी पाहिलाय, अगदी आमच्या वर्गातल्या शेवटच्या बाकासारखा.) त्यांचे रस्ते म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. आता तू मला सांग, जिन्यावरून सायकल कधी नेली आहेस का? उत्तर पोस्टकार्डावर पाठव.